जॅझ, ब्लूज आणि जुनी यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात जुना रेडिओग्राम (एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर) पडून आहे, किंवा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवून वाजवणारं यंत्र, घ्यायचा विचार चाललाय, आणि त्यावर जॅझ-ब्लूज ऐकायची इच्छा आहे, अशा मंडळींचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने सांगितलं तर रेकॉर्डचं, यंत्राचं किंवा माणसाचं नुकसान होतं.

सगळं संगीत फोनवर मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?

मोजमापात सीडी किंवा चांगली डिजिटल फाइल एलपीपेक्षा सरस असते, हे आधीच मान्य करतो. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर एलपीवर साधारण ६० ते ७० डेसिबल मिळतं, सीडीवर ९६. तरी जॅझ आणि ब्लूज मी तबकडीवर ऐकतो, कारण हे संगीत आणि ही यंत्रं एकाच काळात, एकमेकांच्या सोबतीने घडली. १९५०च्या दशकात ध्वनिमुद्रण करणाऱ्याला माहीत होतं की ही रेकॉर्ड कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, दहा-पंधरा वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पवर (काचेच्या नळ्यांवर चालणारा, आवाज वाढवणारा जुना संच), कागदी कोनच्या मोठ्या स्पीकरमधून वाजणार आहे. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि माणसाचा गळा ज्या मधल्या पट्टीत राहतात, तीच त्या यंत्रांची ताकद होती. नीट दुरुस्त केलेल्या जुन्या संचावर बेन वेबस्टरचा सॅक्स लावून बघा. सुराआधी त्याचा श्वास ऐकू येतो.

दुसरं कारण वेळेचं. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटं चालते. तेवढा वेळ माणूस बसून ऐकतो आणि मग उठून बाजू पालटतो. सतरा मिनिटांच्या सलग वादनाला एवढी बैठक लागतेच.

पैसे मोजकेच आहेत. आधी कशावर खर्च करू?

सुईवर. मग सर्व्हिसिंगवर. उरले तर बाकी सगळ्यावर.

झिजलेली सुई आवाज बिघडवते आणि रेकॉर्डवरच्या खाचेची भिंतही खरवडते, आणि ते नुकसान कायमचं असतं. हिऱ्याची सुई ५०० ते १,००० तास टिकते. जुन्या यंत्रासोबत आलेली सुई किती वाजली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून ती बदलायचीच असं धरून चाला. दुर्मीळ ॲम्पच्या मागे धावणारे आणि वर्षानुवर्षं तीच सुई घासणारे लोक पाहिले की फार वाईट वाटतं. साधा टर्नटेबल, नवी सुई आणि बरोबर बसवलेला टोनआर्म (सुई धरणारा दांडा) एवढ्यावर उत्तम जॅझ ऐकता येतं.

आजोबांचा रेडिओग्राम चालू स्थितीत आहे. त्यावर नव्या एलपी लावू का?

आहे तसा नको. त्या काळच्या बहुतेक रेडिओग्राममध्ये आणि सूटकेससारख्या प्लेअरमध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचं विजेत रूपांतर करणारा भाग) असायची. तिचा भार पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त पडतो. चांगली मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते अडीच ग्रॅमवर चालते. शिवाय स्टिरिओ रेकॉर्डमध्ये सुईला आडवं हलावं लागतं तसं वर-खालीही हलावं लागतं. जुनी मोनो क्रिस्टल वर-खाली हलायला ताठ असते, त्यामुळे खाच चेचली जाते.

मग रेडिओग्रामचं काय करायचं? त्याचा ॲम्प आणि स्पीकर बहुधा फार गोड असतात. माहितगार मेकॅनिककडून ते तपासून घ्या आणि वेगळ्या टर्नटेबलचा आवाज त्यात सोडा. मधे फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा छोटा डबा) लागेल, कारण मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते आणि रेडिओग्रामच्या आत त्यासाठी सोय नसते. लाकडी पेटीला नवं पॉलिश करण्याचा मोह मात्र आवरा. जुनं पॉलिश गेलं की तिचं रूपच जातं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून टर्नटेबल येतोय. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

झालं नाही, आणि ही गोष्ट दुकानातही फार थोडे लोक सांगतात. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करतो, पण विजेची फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या टर्नटेबलांच्या एसी मोटरचा वेग या फ्रिक्वेन्सीवरच ठरतो. परिणामी ३३⅓ फेऱ्यांचा टर्नटेबल इथे मिनिटाला सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरतो आणि सूर तीन अर्ध्या स्वरांहून (सेमिटोनांहून) थोडा जास्त उतरतो. पेटीवर बघायचं तर पांढरी चारमधलं गाणं पांढरी दोनच्याही किंचित खाली जाऊन बसतं. ब्लूज गायिका बेसी स्मिथ पुरुषासारखी गाऊ लागते.

यावर उपाय आहे. गॅरार्ड ३०१ (१९५४) किंवा थोरेन्स टीडी १२४ (१९५७) यांसारख्या यंत्रांत मोटरवरची पुली बदलून ५० हर्ट्झला जुळवून घेता येतं. टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्राला (ज्यात मोटरच थेट तबकडी फिरवते) फ्रिक्वेन्सीचा त्रास नाही, फक्त व्होल्टेज सांभाळायचं. इंग्लंडमधून आलेली यंत्रं मुळात २३०-२४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचीच, त्यामुळे आपल्याकडे ती सर्वांत बिनघोर. जपानमधली वीज १०० व्होल्टची. तिथलं यंत्र थेट आपल्या प्लगात घातलं तर जळून जाईल.

माळ्यावर व्हॉल्व्ह ॲम्प सापडला. लावून बघू का?

कृपा करून बघू नका. वीस-तीस वर्षं बंद राहिलेल्या ॲम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून कोरडे पडलेले असतात. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की ते फुटतात, आणि जाता जाता मेन्स ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. कंडेन्सर नवे मिळतात, पण मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं कठीण. मेकॅनिक आधी कंडेन्सर बदलतो, मग व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज हळूहळू चढवतो.

जीवाचं सांगायचं तर आत तीनशे ते पाचशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. झाकण उघडून बोट घालणं हा उत्सुकतेचा विषय नव्हे. १९५०-६०च्या कित्येक यंत्रांना दोनच पिनांची वायर आहे. अर्थिंग करून घ्या. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही सुरू करू नका, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

किती वॅट पुरतात?

ते स्पीकर ठरवतो. एका वॅटमध्ये १०० डेसिबल देणारा जुना हॉर्न स्पीकर जो आवाज काढतो, तोच आवाज ८३ डेसिबलच्या छोट्या स्पीकरमधून काढायला सुमारे ५० वॅट लागतात. क्वाड-२ या इंग्लिश ॲम्पची ताकद फक्त १५ वॅट होती आणि लोक आजही तो जपून ऐकतात. अमेरिकेतला डायनाको एसटी-७० (१९५९) दर चॅनेलला ३५ वॅट देतो. दहा बाय बाराच्या खोलीत चौकडीचं जॅझ ऐकायला तो भरपूर झाला. वॅट मोजून ॲम्प घेणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, आधी स्पीकर ठरवा.

स्पीकरच्या कडेचा फोम हाताला भुकटीसारखा लागतो. स्पीकर गेला का?

नाही. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच स्पीकरना फोमची कडा होती आणि ती कालांतराने झडतेच. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत जरा लवकरच. कोन आणि कॉइल शाबूत असतील तर नवी कडा चिकटवता येते. तोवर वाजवू नका, कॉइल घासते. त्याआधीच्या स्पीकरांना कागदाच्या किंवा कापडाच्या चुण्यांची कडा असे; ती अजून टिकलेली दिसते.

मोनो रेकॉर्ड स्टिरिओ सुईने वाजवली तर चालते?

चालते. पण थोडं समजून घेतलं तर अधिक आनंद मिळेल. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. वर-खाली जे काही आहे ती सगळी धूळ, ओरखडे आणि झीज. स्टिरिओ कार्ट्रिज तेही इमानदारीने ऐकवते. जुन्या ॲम्पवर ‘मोनो’ असं बटण असेल तर दाबा: दोन्ही चॅनेल एकत्र होऊन ती वर-खालीची खरखर बरीचशी रद्द होते, आणि वाद्यं मधोमध येऊन उभी राहतात. सुईची गोलाई हाही एक मुद्दा आहे. मोनो एलपींची खाच रुंद, तिला साधारण २५ मायक्रॉनची सुई बसते. स्टिरिओसाठीची गोल सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते.

स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५७-५८ मध्ये. सुरुवातीच्या काही स्टिरिओ जॅझ रेकॉर्डमध्ये ट्रम्पेट एका टोकाला आणि सॅक्स दुसऱ्या टोकाला असा प्रकार आहे. त्या वर्षांतल्या रेकॉर्डची मोनो आणि स्टिरिओ अशी दोन्ही रूपं समोर असतील तर मी बहुतेक वेळा मोनो उचलतो.

मुळातले ब्लूज तर ७८वरच आहेत. ते कसे ऐकायचे?

७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणारी जुनी तबकडी. हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. १९२०मध्ये मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’नंतर अमेरिकी कंपन्यांना कळलं की काळ्या श्रोत्यांचा मोठा बाजार आहे, आणि पुढची बारा-तेरा वर्षं दक्षिणेतले गायक ध्वनिमुद्रित होत राहिले. चार्ली पॅटनसारख्या गायकाच्या रेकॉर्ड काढणारी पॅरामाउंट ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची होती. माल स्वस्तातला, त्यामुळे त्यांच्या तबकड्या नव्या असतानाही खरखरायच्या. पुढे मूळ धातूचे साचे भंगारात गेले. आज त्या गाण्यांचा आधार म्हणजे कुणाच्या तरी घरात टिकलेली एखाद-दुसरी घासलेली ७८. ती खरखर काढून टाकताना गळाही पुसला जातो, म्हणून जुन्या ब्लूजच्या खरखरीवर चिडू नका. कान पाच मिनिटांत तिच्या पलीकडे जातो.

या तबकड्यांत आपल्याकडचाही अंश आहे. ७८ बनायच्या त्या लाखेपासून: पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची लाख, आणि तिचा जगातला मोठा पुरवठा भारतातून, मुख्यतः छोटा नागपूर भागातून जायचा. दुसऱ्या महायुद्धात तो तुटला आणि १९४२मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लादली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. बीबॉप ही जॅझची नवी शैली जन्माला येत होती नेमकी तीच वर्षं रेकॉर्डवर फार थोडी उमटली.

आता व्यवहाराचं. ७८साठी ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती घाण वाजवते. चावीच्या ग्रामोफोनवर ऐकणार असाल तर पोलादी सुई एका बाजूला एक, मग फेकून द्यायची. तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असते, ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. दुसऱ्या बाजूला तीच सुई पटाशीसारखी चालते. १९५४मध्ये आरआयएए हे सामायिक मोजमाप येईपर्यंत प्रत्येक कंपनी खर्ज आणि तार आपापल्या पद्धतीने कोरत असे. त्यामुळे जुन्या ॲम्पच्या बास-ट्रेबलच्या बटणांना हात लावायला संकोच करू नका, ती त्यासाठीच दिली आहेत.

‘काइंड ऑफ ब्लू’सोबत पेटी किंवा गिटार वाजवली तर सूर जुळत नाही. टर्नटेबलमध्ये दोष आहे?

रेकॉर्ड जुनी असेल तर टर्नटेबल निर्दोष असू शकतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या त्या रेकॉर्डची पहिली बाजू २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत मुद्रित झाली. टेपचं मुख्य यंत्र त्या दिवशी किंचित मंद फिरत होतं, त्यामुळे बरोबर वेगाने वाजवल्यावर सूर थोडा चढा येतो. ही चूक १९९२मध्ये दुसऱ्या टेपवरून दुरुस्त झाली. दुसरी बाजू वाजवून पाहा. ती सुरात लागली तर तुमचं यंत्र ठीक आहे.

रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात ‘आरव्हीजी’ असं कोरलंय. त्याचं महत्त्व काय?

ही रूडी व्हॅन गेल्डरची खूण. दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देणारा हा माणूस न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे आई-वडिलांच्या बैठकीच्या खोलीत जॅझ मुद्रित करायचा. १९५९मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ हॅकेनसॅकच्या खोलीतली, ‘अ लव्ह सुप्रीम’ नव्या स्टुडिओतली. ती खूण असली की त्याने स्वतः खाच कोरली असं समजावं. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या १९६६पर्यंतच्या प्रतींवर कानाच्या आकाराचं एक छोटं चिन्हही दिसतं. ते प्लास्टिलाइट या छापणाऱ्या कारखान्याचं इंग्रजी ‘पी’ अक्षर. अशा प्रती आता फार महाग आहेत. ऐकायचं असेल तर चांगलं पुनर्मुद्रण घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी येते. काय करावं?

रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, कपाटात हवा खेळू द्या. आतलं कागदी पाकीट बदलून पॉलिथिनचं अस्तर असलेलं घाला. बाहेरून चकचकीत पीव्हीसीची पिशवी नको. तिच्यातलं रसायन रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून. एलपीसाठी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर चालतं. ७८ला अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते.

रेकॉर्ड आणि यंत्रं कुठे शोधायची?

मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, त्याची जागा कुणी घेतलेली नाही. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येणारच. नुसत्या दिसणाऱ्या केसासारख्या रेघा बहुधा येत नाहीत. खाचा राखाडी दिसत असतील तर ती जड सुईने मारलेली आहे, घेऊ नका.

आपल्याकडे जॅझ होतं का, की ही सगळी बाहेरची गोष्ट?

होतं, आणि दणक्यात होतं. १९३५मध्ये अमेरिकी वादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड. त्यांच्याकडून शिकले ते गोव्याचे वादक, ज्यांना चर्चच्या शाळांत स्वरलेखन आधीच पक्कं शिकवलेलं होतं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेव्हियर वाझ, त्यांतलाच. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाचं ध्वनिमुद्रण असं या वादकांचं आयुष्य होतं. आपले सी. रामचंद्र, पुणतांब्याचे चितळकर, यांनी ‘अलबेला’ (१९५१) केला तेव्हा चिक चॉकलेट त्यांच्यासोबत होता. त्यातला स्विंग थेट त्या हॉटेलांच्या नाचघरांतून आलेला आहे. डेव्ह ब्रुबेक १९५८मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन १९६३मध्ये भारतात वाजवून गेले. १९७८मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली.

जुन्या बाजारात शोधायचीच असेल तर शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाइल’ (१९६८) शोधा. रईस खाँची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्स एकत्र ऐकायला मिळेल.

पहिल्या तीन-चार रेकॉर्ड कोणत्या घ्याव्यात?

एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांची १९५६ची ‘एला अँड लुई’. दोन टोकांचे गळे, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. तुमच्या संचाची मधली पट्टी कशी आहे हे एका गाण्यात समजतं.

मडी वॉटर्सची ‘फोक सिंगर’ (१९६४). शिकागोतल्या चेस कंपनीने इथे विजेची गिटार बाजूला ठेवून मडी, तरुण बडी गाय आणि विली डिक्सन यांना ॲकूस्टिक वाजवायला बसवलं. शांतता किती काळी येते, हे या रेकॉर्डवर कळतं. स्पीकर बसवल्यावर मी पहिली हीच लावतो.

बी. बी. किंगची ‘लाइव्ह ॲट द रीगल’. १९६४च्या नोव्हेंबरात शिकागोच्या रीगल थिएटरात मुद्रित झाली. श्रोते प्रत्येक ओळीला ओरडून दाद देतात आणि किंग त्या दादेवर पुढची ओळ बेतत जातो. मैफलीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि बेसी स्मिथ, कोणत्याही संग्रहातली, पण ज्यात जानेवारी १९२५चं ‘सेंट लुई ब्लूज’ आहे अशीच. विजेचा मायक्रोफोन स्टुडिओत येण्याच्या जरा आधीचं हे मुद्रण, नुसत्या भोंग्यात गाऊन केलेलं. आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट तिच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो, आणि साथीला फ्रेड लाँगशॉने वाजवलेली चक्क पेटी आहे. ट्रेबल थोडा कमी करा, मोनो बटण दाबा आणि आवाज नेहमीपेक्षा जरा वाढवून ऐका.